ऐकणाराचें शिक्षण

संस्कृतांतून मराठींत येतांना कांहीं शब्द वेष तोच ठेवतात व व्यवसाय मात्र बदलतात. ‘शुश्रूषा’ हा त्यांतलाच एक. ‘श्रु’ म्हणजे ऐकणें. त्या धातूच्या इच्छार्थक रूपापासून हा शब्द सिद्ध झाला असून त्याचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ एवढाच आहे. गुरुगृहीं राहणारा शिष्य गुरुवचन ऐकावयास उत्सुक असे. जो ऐकावयास उत्सुक, तो सांगितलेलें करावयासही तत्पर. म्हणून शुश्रूषा म्हणजे सेवा असा अर्थ रूढ झाला. मराठींत तो शब्द आणखी एक पाऊल पुढें जाऊन रुग्णाच्या उशाशीं बसला. आज शुश्रूषा म्हटलें कीं औषधाची बाटली, पेजेची वाटी आणि कपाळावरची ओली पट्टी हींच आपल्या डोळ्यांपुढें येतात. ऐकण्याचा संबंध कोणाच्या मनांतही येत नाहीं. शाळेंत संस्कृत शिकवितांना ही व्युत्पत्ति मीं पुष्कळ वर्षें सांगितली. परंतु ऐकणें व रुग्णसेवा हीं दोन्ही एकाच क्षणीं, एकाच आसनावर बसून करावयाचीं असतात, असें एक काम आज आपल्या प्रांतांतील अनेक तरुण स्त्रीपुरुष रात्रंदिवस करीत आहेत. संकटांत सांपडलेल्या माणसाचा दूरध्वनि ऐकून घेणें व त्याप्रमाणें मदत धाडणें हें तें काम. त्याला कोणतें शिक्षण लागतें, आणि तें झालें आहे याची खात्री समाजानें कशी करून घ्यावी, याविषयीं चार शब्द लिहिण्याचा विचार आहे. विषय प्रथमदर्शनीं रूक्ष वाटेल. परंतु असा दूरध्वनि करण्याचा प्रसंग प्रत्येक घरावर केव्हां ना केव्हां येतोच, म्हणून वाचकांनीं थोडा धीर धरावा.

आमचें घर पवनारचें. धाम नदीच्या कांठचें हें गांव आचार्य विनोबांच्या आश्रमामुळें सर्वांस ठाऊक आहे. वाकाटकांची राजधानी प्रवरपुर ती हीच, असेंही पुष्कळ इतिहाससंशोधकांचें मत आहे. वर्धा शहर जवळच, आणि सेवाग्राम व सावंगी येथील मोठीं रुग्णालयेंही फार दूर नाहींत. खेडेगांवांत राहूनही वैद्यकीय मदतीच्या दृष्टीनें आम्ही भाग्यवान. घरांत तीन पिढ्यांचीं मिळून चौदा माणसें आहेत. अशा घरांत कोणतीही गोष्ट एकट्याच्या विचारानें होत नाहीं, हें वाचकांस सांगावयास नकोच.

दोन वर्षांपूर्वीं थोरल्या बंधूंचें शेंडेफळ, माझी पुतणी, बी. एस्सी. होऊन घरीं आली. एका आपत्कालीन दूरध्वनि-केंद्रांत नोकरी धरावी असा विचार तिनें जेवतांना बोलून दाखविला आणि घरांत मोठा खल झाला. आत्याबाई म्हणाल्या, “फोन उचलण्यासाठीं का कोणी पदवी घेतें?” धाकट्या बंधूंनीं बँकेच्या परीक्षेचा विषय काढला. रात्रपाळीची नोकरी, परगांवचें राहणें, लग्नाचें वय, हे सर्व मुद्दे यथाक्रम निघाले. वहिनी, म्हणजे मुलीच्या मातोश्री, तेवढ्या कांहीं बोलल्या नाहींत. मान खालीं घालून वाढीत राहिल्या. त्या कां बोलत नाहींत हें आम्हां सर्वांस ठाऊक होतें, आणि मुलीला ही नोकरी कां हवी हेंही ठाऊक होतें.

त्यापूर्वीं सात वर्षें, श्रावणांतल्या एका रात्रीं, थोरले बंधू पाणी पिण्यासाठीं उठले आणि माजघरांतच कोसळले. माझ्या मुलानें मदतीच्या एका क्रमांकावर दूरध्वनि केला. पलीकडचा तरुण सभ्य होता, त्याचा आवाज मृदु होता. त्यानें नांव विचारलें, वय विचारलें, गांव विचारलें. ‘पवनार’ हें त्यानें ‘पवनी’ असें ऐकलें. पवनी भंडारा जिल्ह्यांत. आमच्यापासून कितीतरी कोस दूर. जिल्हा कोणता, हा प्रश्न आला नाहीं. रोगी शुद्धीवर आहे काय, श्वास चालू आहे काय, हेही प्रश्न आले नाहींत. ‘गाडी निघत आहे’ असें सांगून त्यानें फोन ठेवला. वीस मिनिटांनीं चालकाचा फोन आला कीं, घर सांपडत नाहीं. तो पवनीच्या रस्त्यावर उभा होता. शेजाऱ्यांच्या जीपमधून आम्हीं बंधूंना रुग्णालयांत नेलें, तेव्हां सर्व संपलें होतें.

गाडी वेळेवर आली असती तर ते वांचले असते, असें मी म्हणत नाहीं. तें कोणालाच सांगतां यावयाचें नाहीं. त्या तरुणाविषयीं माझ्या मनांत रागही नाहीं. परंतु त्या वीस मिनिटांत आम्ही सात मोठीं माणसें त्यांच्याभोंवतीं उभीं होतों, कोणी तळपाय चोळीत होतें, कोणी कांदा फोडून नाकाशीं धरीत होतें, आणि खरोखर काय करावें हें सांगणारें कोणी नव्हतें. जो सांगूं शकला असता तो दूरध्वनीच्या दुसऱ्या टोंकाला होता, आणि त्याला तें कोणीं शिकविलेलें नव्हतें. त्या वेळीं अठरा वर्षांची असलेली आमची मुलगी दाराच्या चौकटीला धरून हें सारें पाहत उभी होती.

एखादें काम ‘नुसतें ऐकण्याचें’ आहे असें आपण म्हणतों, तेव्हां ऐकणें ही आपोआप होणारी क्रिया आहे असें आपण गृहीत धरतों. आपल्या नैयायिकांनीं तसें मानलें नाहीं. अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ हा न्यायशास्त्राचा आरंभीचा ग्रंथ. वाक्याचा अर्थ कळण्यास आकांक्षा, योग्यता व संनिधि या तीन गोष्टी लागतात, असें तो सांगतो. एका पदाला दुसऱ्या पदाची अपेक्षा असणें ही आकांक्षा. पदांच्या अर्थांचा एकमेकांशीं मेळ बसणें ही योग्यता. आणि पदें विलंबावांचून एकापाठोपाठ उच्चारली जाणें हा संनिधि. भ्यालेल्या माणसाच्या बोलण्यांत या तिन्ही गोष्टी मोडून पडलेल्या असतात. ‘बाबा... लवकर या हो... निळे पडले... अरे दार उघड...’ यांत कर्ता आहे तर क्रिया नाहीं, क्रिया आहे ती भलत्याच माणसाला उद्देशून आहे, आणि मध्यें रडणें आहे. सामान्य श्रोत्याला अशा वाक्याचा अर्थ लागत नाहीं. तो लावण्यासाठीं श्रोत्यानें स्वतःच, एकामागून एक नेमके प्रश्न विचारून, तुटलेलीं पदें जुळवून घ्यावीं लागतात. हें कौशल्य उपजत नसतें. अभ्यासानेंच तें येतें.

पाश्चात्त्य देशांतही ही गोष्ट एका दिवसांत कळली नाहीं. लंडन शहरीं १९३५ च्या नोव्हेंबरांत विंपोल स्ट्रीटवरील एका घराला आग लागून पांच स्त्रिया मरण पावल्या. शेजारच्या गृहस्थानें दूरध्वनि केला होता. परंतु इतर सामान्य कॉलांच्या रांगेंत त्यालाही तिष्ठत राहावें लागलें, आणि त्यानें ‘टाइम्स’ पत्रांत त्याविषयीं लिहिलें. त्यावर चौकशी होऊन ३० जून १९३७ रोजीं लंडनमध्यें ९९९ हा स्वतंत्र क्रमांक सुरू झाला. तो फिरविला कीं एक्स्चेंजमध्यें तांबडा दिवा लागे व भोंगा वाजे, म्हणजे हातांतलें काम टाकून तेथील बाई प्रथम तो घेई. अमेरिकेंत ९११ या क्रमांकावरील पहिला दूरध्वनि अलाबामा राज्यांतील हेलीव्हिल या गांवीं १६ फेब्रुवारी १९६८ रोजीं झाला. क्रमांक झाले, गाड्या झाल्या. परंतु दूरध्वनि घेणारानें नांव-पत्ता लिहून घ्यावा व गाडी धाडावी, यापलीकडे त्याचें कर्तव्य आहे, असें पुष्कळ वर्षें मानलें जात नव्हतें.

तो विचार पुढें आला १९७० च्या दशकाच्या अखेरीस. सॉल्ट लेक सिटी येथील अग्निशामक दलाशीं संबंध असलेले डॉ. जेफ क्लॉसन यांनीं प्रश्नांचीं पत्रकें तयार केलीं: छातींत दुखत असल्यास कोणते प्रश्न, मूल गुदमरत असल्यास कोणते, भाजल्यास कोणते, आणि प्रत्येक उत्तरानंतर गाडी येईपर्यंत घरच्या माणसांस काय सांगावयाचें. सिएटलच्या परिसरांत डॉक्टरांनीं याच सुमारास आणखी पुढचा प्रयोग केला. हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर दाब कसा द्यावा, हें कधींही न शिकलेल्या माणसाकडून, केवळ दूरध्वनीवर सांगून, करवून घेतां येतें, असें त्यांनीं दाखविलें.

येथें थोडा तपशील देतों, कारण त्यांतच या शिक्षणाचें मर्म आहे. पहिला प्रश्न ठिकाणाचा. कारण बोलणें मध्येंच तुटलें तरी गाडी कोठें धाडावयाची हें तरी हातीं राहतें. मग दोन प्रश्न: रोगी शुद्धीवर आहे काय? श्वास नेहमींसारखा चालू आहे काय? दोहोंचेंही उत्तर ‘नाहीं’ असल्यास क्षणाचाही विलंब न लावतां छाती दाबावयास सांगावयाचें: रोग्याला जमिनीवर उताणें निजवा, छातीच्या मध्यभागीं तळहाताचा मणिबंधाकडील भाग ठेवा, त्यावर दुसरा हात, कोपरें ताठ, मिनिटाला १०० ते १२० या गतीनें, निदान पांच सेंटिमीटर खोल दाबा, मी मोजतों, माझ्याबरोबर मोजा. यांतला ‘नेहमींसारखा’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. हृदय थांबल्यावरही कांहीं वेळ पुष्कळ रोगी आचके देतात. घरच्यांना वाटतें कीं श्वास चालू आहे, आणि अशिक्षित श्रोता त्या एका ‘हो’ वर विसंबून राहतो. शिकलेला श्रोता म्हणतो, “प्रत्येक श्वासाच्या वेळीं मला ‘आतां’ म्हणून सांगा,” आणि दोन ‘आतां’ यांमधील अंतरावरून काय तें ओळखतो. दाब मिळाला नाहीं व विजेचा धक्का देण्यास उशीर झाला, तर वांचण्याची आशा दर मिनिटास शेंकडा सात ते दहा या प्रमाणांत कमी होते, असें वैद्यकशास्त्र सांगतें. गाडी कितीही वेगानें आली तरी हीं पहिलीं मिनिटें ऐकणाराचींच असतात.

एवढें ज्याच्या हातीं सोंपवावयाचें त्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यावें, हें ओघानेंच आलें. तथापि तेथेंही एकवाक्यता नाहीं. अमेरिकेंत सर्व देशाला मिळून एकच नियम नसून प्रत्येक राज्याची रीत निराळी आहे. कॅलिफोर्नियानें निदान १२० तासांचा मूळ पाठ्यक्रम ठरविला. फ्लॉरिडांत २३२ तासांचें शिक्षण, त्यानंतर राज्याची परीक्षा, आणि मग प्रमाणपत्र. तेंही दर दोन वर्षांनीं नवें करून घ्यावें लागतें. कांहीं राज्यांत मात्र हा भार स्थानिक कचेरीच्या मर्जीवर सोडलेला आहे. प्रश्नपत्रकांची पद्धति शिकविणारी जी आंतरराष्ट्रीय संस्था आहे तिचा वैद्यकीय पाठ्यक्रम तीन दिवसांचा. परंतु प्रमाणपत्र टिकविण्यासाठीं दोन वर्षांत २४ तासांचें पुढील शिक्षण घ्यावें लागतें. आणि गंमत अशी कीं, अमेरिकन सरकारनें २०१८ सालीं सुधारलेल्या व्यवसायांच्या यादींतही या लोकांची गणना कचेरींतील कारकुनी कामांतच केली. पोलीस व अग्निशामक यांच्या पंक्तीला त्यांस बसविलें नाहीं. आमच्या आत्याबाईंचें मत तेथील राजधानींतही होतें, असें म्हणावयास हरकत नाहीं!

आतां आपल्या देशाकडे वळूं. पोलिसांसाठीं १०० व आगीसाठीं १०१ हे क्रमांक आपल्या परिचयाचे आहेत. रुग्णवाहिकेसाठीं १०८ या क्रमांकाची व्यवस्था प्रथम २००५ सालीं त्या वेळच्या आंध्र प्रदेशांत हैदराबादेहून सुरू झाली. महाराष्ट्रांत ती २०१४ सालीं आली. आरंभीं तिच्यासाठीं ९३७ गाड्या होत्या. त्यांपैकीं २३३ गाड्यांत हृदयविकारासारख्या गंभीर प्रसंगाचीं साधनें होतीं व ७०४ गाड्या प्राथमिक उपचारांच्या होत्या. मुख्य केंद्र पुण्यास औंध येथें ठेवण्यांत आलें. दिल्लींत डिसेंबर २०१२ मध्यें घडलेल्या अमानुष प्रकारानंतर सर्व देशाला मिळून एकच क्रमांक असावा या विचारास जोर आला आणि ११२ हा क्रमांक ठरला. हिमाचल प्रदेशांत २०१८ च्या नोव्हेंबरांत त्याचा आरंभ झाला. महाराष्ट्रांत तो २०२१ सालीं सुरू झाला. नवी मुंबई व नागपूर येथें त्याचीं केंद्रें उभारलीं. तेथें दूरध्वनि घेतला जातो, आणि माहिती ज्या त्या जिल्ह्याच्या पोलीस नियंत्रण-कक्षाकडे जाते. तेथील माणूस जवळची गाडी पाहून ती धाडतो. म्हणजे ऐकणारा एक व धाडणारा दुसरा. दोघांचीं कामें भिन्न, म्हणून दोघांचें शिक्षणही भिन्न हवें. परंतु एकाचें अर्धवट राहिलें तर दुसऱ्याचें पूर्ण असूनही उपयोग नाहीं.

गाडीबरोबर जाणाऱ्या माणसाच्या पात्रतेविषयीं आपल्याकडे बराच विचार झालेला आहे. २०२१ सालीं संसदेनें सहवैद्यकीय व्यवसायांसाठीं राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या अनुसूचींत आपत्कालीन वैद्यक-तंत्रज्ञाचें नांव आहे. दूरध्वनि ऐकणाराला मात्र त्या यादींत स्वतंत्र ओळ नाहीं. जी संस्था कामाचा ठेका घेते तिनें शिकवावें, अशीच साधारण रीत पडली आहे. चांगली संस्था चांगलें शिकवील. परंतु जेथें प्राणाचा प्रश्न आहे तेथें शिक्षण हें संस्थेच्या चांगुलपणावर सोंपवूं नये. शाळामास्तराला पात्रता लागते, कंपाउंडराला लागते, मोटार हांकणाऱ्यालाही परवाना लागतो. मग यालाच कां नको?

पुतणी शेवटीं त्या नोकरीवर गेली. कशी गेली तें पुढें सांगतों. पहिले कांहीं आठवडे तिला खरा दूरध्वनि घेऊंच दिला नाहीं. जुन्या संभाषणांच्या ध्वनिफिती ऐकावयाच्या, सोबत्यांनीं रोग्याचे नातलग व्हावयाचें व हिनें उत्तरें द्यावयाचीं, आणि वरिष्ठानें चुका दाखवावयाच्या, असा क्रम होता. मग अनुभवी बाईंशेजारीं बसून नुसतें ऐकणें. मग त्यांच्या देखरेखीखालीं बोलणें. सुटींत ती घरीं आली तेव्हां मला म्हणाली, “काका, सर्वांत कठीण काय असेल तर गप्प बसणें. माणूस रडत असतां मध्येंच बोललें तर तो आणखी बिथरतो. आणि फार वेळ गप्प बसलें तर त्याला वाटतें कीं फोन बंद पडला.” त्यावर उपाय म्हणून एकच वाक्य, त्याच शब्दांत, त्याच शांत स्वरांत पुनःपुन्हां म्हणावयास तिला शिकविलें होतें. आपल्याकडे लहान मुलाला निजवितांना आजी हेंच करते.

मला विशेष वाटलें तें तिच्या वहीचें. गांवांच्या नांवांची एक यादी तिनें स्वतःच करून ठेवली होती. आष्टी वर्ध्यांत आहे तशी बीडमध्येंही आहे. सेलू वर्ध्यांत आहे तसें परभणींतही आहे. कारंजा म्हटलें तर वर्ध्याचें घाडगे कारंजा कीं वाशीमचें कारंजा लाड, हें विचारल्यावांचून कळत नाहीं. ‘पवनार’ व ‘पवनी’ हीं नांवें त्या यादींत सर्वांत वर होतीं. त्याखालीं बोलींतील शब्द. ‘पान लागलें’ असें कोणी सांगितलें तर साप चावला असें समजावयाचें. रात्रीं सापाचें नांव घ्यावयाचें नाहीं म्हणून आपले लोक तसें म्हणतात. ‘आकडी आली’, ‘बाई अडली’, ‘जीव घाबरा झाला’, ‘तोंडाला फेंस आला’ या प्रत्येकामागें निरनिराळा रोग आहे आणि निरनिराळे प्रश्न आहेत. परदेशी पत्रकांचें भाषांतर केल्यानें हें येणार नाहीं. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, गोंडी, कोरकू बोलणारा माणूस संकटांत आपल्या आईच्या भाषेंत ओरडतो. शाळेंतली भाषा त्या वेळीं आठवत नाहीं. म्हणून ज्या दिवशीं या कामासाठीं आपल्या राज्यांत परीक्षा ठरेल, त्या दिवशीं तिच्यांत वैद्यकाइतकाच भूगोल आणि भाषा यांना मान असावा, असें एक जुना शिक्षक या नात्यानें मला सुचवावेंसें वाटतें.

प्रमाणपत्र म्हणजे सर्व कांहीं, असें माझें म्हणणें नाहीं. कागद घेतलेले मठ्ठ लोक मीं शाळेंत पाहिले आहेत, आणि कागदावांचून शहाणे असलेलेही पाहिले आहेत. परंतु प्रमाणपत्राचा खरा उपयोग हुशार माणसाला मिरविण्यासाठीं नसतो. मध्यम बुद्धीच्या माणसाकडूनही अमुक एवढें काम निश्चित होईल, अशी हमी घेण्यासाठीं असतो. रात्रीं दोन वाजतां आपला दूरध्वनि कोणाच्या हातीं पडेल हें आपल्याला निवडतां येत नाहीं. तो सर्वांत हुशार माणसाच्या हातीं पडो अशी प्रार्थना करण्यापेक्षां, कोणाच्याही हातीं पडला तरी ‘जिल्हा कोणता?’ हा प्रश्न येईल अशी व्यवस्था करणें बरें. शिवाय, ज्याला विद्येचा दर्जा मिळतो त्याला विश्रांतीचा व सांत्वनाचाही हक्क मिळतो. हीं मुलें दिवसभर आक्रोश ऐकतात, आणि गाडी पोंचली कीं फोन बंद. पुढें रोगी वांचला कीं गेला, हें त्यांना बहुधा कधींच कळत नाहीं. मधून मधून टवाळखोरांचेही फोन येतात, ते निराळेच. एवढा ताप सोसणाऱ्याला कारकून म्हणून हिणवून कसें चालेल?

ज्या दिवशीं घरांत तो खल चालला होता त्या दिवसाचें राहिलेलें आतां सांगतों. जेवणें झालीं, पानें उचललीं, आणि वहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन मला म्हणाल्या, “भावोजी, त्या रात्रीं ज्यानें फोन घेतला, तोही कोणाचा तरी मुलगाच होता. त्याला कोणीं शिकविलें असतें तर त्यानें बरोबर विचारलें असतें. हिला शिकवताहेत ना? मग जाऊं द्या तिला.” त्यावर कोणी कांहीं बोललें नाहीं. आत्याबाईंनींच मग पंचांग काढून दिवस पाहिला.

आतां कुटुंबांतील वडील माणसांस दोन शब्द. ऐकणाराला शिक्षण हवें तसें सांगणारालाही हवें. घरांतील आठ-दहा वर्षांच्या प्रत्येक मुलाला ११२ व १०८ हे क्रमांक, आपला पूर्ण पत्ता, तालुका, जिल्हा व जवळची एखादी ठळक खूण हीं तोंडपाठ असावीं. पाढे पाठ करून घेतों तसें हें घ्यावें. हाच मजकूर मोठ्या अक्षरांत लिहून दाराशेजारीं लावावा, कारण भ्यालेल्या माणसाला पाठ केलेलेंही आठवत नाहीं. प्रसंग आल्यास एकानेंच बोलावें. बाकीच्यांनीं दिवे लावावे, दार उघडावें, एकानें रस्त्यावर जाऊन उभें राहावें. पलीकडचा माणूस प्रश्न विचारतो म्हणून चिडूं नये. तो विचारीत असतां गाडी बहुधा निघालेलीच असते. त्यानें ‘ठेवा’ म्हणेपर्यंत फोन ठेवूं नये. नव्या मोबाइल फोनवर विजेची कळ लागोपाठ तीनदां दाबली असतां मदतीची हांक जावी, अशी योजना सरकारनें २०१७ पासून केली आहे. आपल्या फोनवर ती चालू आहे कीं नाहीं तें घरांतील तरुणांकडून आधींच पाहून घ्यावें. आणि रस्त्यावर अपघात दिसला तर पोलिसांच्या ससेमिऱ्याच्या भीतीनें पुढें जाऊं नये. मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं घातलेल्या कलमानें मदत करणाऱ्या सज्जनाला संरक्षण दिलें आहे. त्याच्यावर आपलें नांव सांगण्याचीही सक्ति करतां येत नाहीं. आमच्या गांवाजवळून नागपूर-वर्धा रस्ता जातो, म्हणून हें मी मुद्दाम लिहितों.

माझी पुतणी आतां नव्यांना शिकविण्याच्या कामावर आहे. शिकविणें हा आमच्या घरचा परंपरागत व्यवसाय, तेव्हां त्यांत आश्चर्य कांहीं नाहीं. पहिल्या दिवशीं नव्या मुलांना ती फळ्यावर दोन नांवें लिहून दाखविते व विचारते, “यांतलें कोणतें ऐकलेंत, तें तुम्हांला कसें कळणार?” उत्तर कोणाला येत नाहीं. मग ती शिकवूं लागते. तिचा पगार बँकेंतल्या पगाराहून कमी आहे, आणि धाकटे बंधू तें अधून मधून बोलून दाखवितात. परंतु गांवांत कोणाकडे आजार निघाला कीं, ती घरीं असल्यास तिलाच प्रथम विचारावयास येतात, आणि ती प्रथम ऐकून घेते.